तिसरी गाठ

टाचणीच्या या गोष्टीवर कोणी म्हणता कोणी विश्वास ठेवला नाही. भावजय म्हणाली, दुःखात माणसाला काहीबाही दिसतं. तिची मैत्रीण मॅनेजरीण आता सरळ म्हणते, असं काही झालंच नव्हतं. आणि भाऊ, जो त्या दुपारी स्वतः खोलीत बसला होता, तोही म्हणतो, "ताई, तूच शिवलंस आणि तूच विसरलीस." टाचणीचं म्हणणं एवढंच, की दिसण्यात चूक होते. पण तीस वर्षं कापडावर फिरलेली बोटं चुकत नाहीत.

टाचणी हे आजीनं पाडलेलं नाव. अंगानं काडी, बोलणं टोचणारं. शाळा चौथीपर्यंत, पुढची सगळी अक्कल सुईच्या टोकावर. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा. तिला आणि धाकट्या भावाला आजीनं वाढवलं. आजी इस्पितळाच्या चादरी शिवायची, आणि त्याच रस्त्यावर पुढे टाचणीनं कपडे दुरुस्तीचं दुकान थाटलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर, "एका सुईत दोन दोरे कशाला?" म्हणून त्याचं तोंड बंद करायची.

आजीची शिलाई हजारांत ओळखू यावी. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, शेवटी एकावर एक तीन गाठी. दोरा कात्रीनं कापायचा नाही, दातानं तोडायचा. तोंडात एकच दात उरला होता, त्याच्याखाली कायम लवंग. पण दोरा तुटायचा तो त्याच दातानं. त्यामुळे टोक नेहमी पिंजलेलं, ओलं, लवंगेच्या वासाचं. आणखी एक खोड होती. लहानपणी टाचणीनं फ्रॉकच्या खिशातून बेडूक आणला, तर आजीनं बेडूक अंगणात सोडला आणि खिसाच शिवून टाकला. "ज्या खिशातून भानगड निघते तो शिवावा," म्हणाली. "खिसा आणि तोंड, वेळेवर शिवता आलं पाहिजे."

तर, शाळेतल्या तिघी मैत्रिणींनी एकदा परदेश बघायचा असं ठरवून वीस वर्षं झाली होती. दरवेळी कुणाचं तरी काहीतरी निघायचं. यंदा एकदाचं जमलं. नऊ दिवसांची सहल. एक मॅनेजरीण, शाळेच्या ऑफिसात कारकून, पण जिथे जाईल तिथे सगळ्यांना हाकायची. दुसरी नर्सबाई, खरीखुरी नर्स. तिसरी आपली टाचणी.

तिकडे थंडी, म्हणून आजीनं तिच्यासाठी कोट शिवला. वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, सगळं बोटांच्या अंदाजानं. कापड तपकिरी आणि दोरा निळा, कारण घरात भरलेलं रीळ तेवढंच होतं. निघायच्या आदल्या दिवशी टाचणीनं आजीच्या बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा पाहिल्या आणि सुईदोऱ्याच्या डब्याला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या गळ्यात.

"मी येईपर्यंत सुईला हात लावायचा नाही."

"अगं, रिकाम्या हातांनी मी करू काय?"

"बसून राहायचं. माझी वाट बघायची."

"बघते हो बाई," आजी म्हणाली. "जा तू. मी थांबते."

सोमवारी तिघी निघाल्या. मंगळवारी बसच्या सीटचा पत्रा लागून कोटाचं अस्तर वीतभर फाटलं. बुधवारी सकाळी टाचणीनं कोट दारामागच्या खुंटीवर टांगला, आंघोळीला गेली, आणि केस पुसत बाहेर आली तर अस्तर शिवलेलं. निळा दोरा. शेवटी तीन गाठी. तिनं टोकाला बोट लावलं. ओलं होतं.

"माझ्या कोटाला हात कोणी लावला?"

"मला स्वतःचं बटण लावता येत नाही," मॅनेजरीण म्हणाली, "तुझं अस्तर शिवू?"

"तूच शिवलंस आणि विसरलीस," नर्सबाई म्हणाली. "वय झालं आता."

"सुई कुठाय माझ्याकडे शिवायला?"

"मग हॉटेलवाल्यांनी शिवलं असेल. सोय चांगली आहे हो इथे!"

दोघी हसल्या. टाचणी हसली नाही. तळ्याकाठचं ते हॉटेल, खिडकीतून ऊन आत आलेलं, खाली लोक फोटो काढतायत, आणि तिच्या बोटाला लवंगेचा वास.

शुक्रवारी मोज्याची टाच फाटली. जेवून वर आली तर मोजा रफू केलेला, घडी घालून उशीवर. तिनं कोणाला सांगितलं नाही. तिकडे एकट्या मॅनेजरिणीचा फोन चालायचा, तो मागून घेऊन तिनं कालच्यासारखा घरी लावला.

"आजी झोपलीय," भाऊ म्हणाला.

"कालही झोपलीच होती."

"औषध दिलंय ना, त्यानं."

"कसलं औषध?"

तेवढ्यात मॅनेजरिणीनं फोन काढूनच घेतला. "चल, बोट सुटेल. घरचं काय ते घरी."

रविवारी सकाळी टाचणीनं आपला एकेक कपडा उलटा करून पाहिला. कुठे एक नवा टाका नव्हता. तिला उगाच बरं वाटलं. तिघी खाली नाश्त्याला गेल्या. मॅनेजरिणीनं आपला कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला होता. त्यात फोन वाजायला लागला. तिनं न बघताच हात मागे नेला, आणि हात खिशावरून घसरला. पुन्हा नेला. पुन्हा घसरला.

खिशाचं तोंड शिवलेलं होतं. आत फोन वाजत होता.

"काल संध्याकाळी तर मी यातच ठेवला..." मॅनेजरीण म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "नर्सबाई... हे तू...?"

नर्सबाईचा चमचा बशीवर तसाच राहिला.

फोन थांबला. परत वाजू लागला. निळा दोरा, तांदळाच्या दाण्याएवढे टाके. कात्री नव्हती. टाचणी वाकली आणि गाठी तिनं दातांनी तोडल्या. जिभेला लवंग लागली. फोन काढून तिनं कानाला लावला, तोंडातून शब्द निघायच्या आत पलीकडून भाऊ बोलू लागला.

"मॅनेजरीणबाई... झालं हो. पहाटे गेली आजी. ताईला एवढ्यात सांगू नका."

"ताईच बोलतेय," टाचणी म्हणाली.

पलीकडून फोन बंद झाला.

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि मॅनेजरिणीकडे पाहिलं. "तुला केव्हापासून माहीत?"

"बुधवारपासून... तुझा भाऊच म्हणाला, सांगू नका. मी काय करणार?"

"चार दिवस! चार दिवस मला तळं दाखवत फिरवलंस?"

"अगं, तू जाऊन तरी काय करणार होतीस? डॉक्टरांनी हात टेकले होते."

"हात धरला असता तिचा," टाचणी म्हणाली. "दुसरं काय करतात मरणाऱ्या माणसाचं? मी तिला वाट बघ म्हणून सांगून आले होते. तिनं बघितली असेल. चार दिवस दाराकडे तोंड करून बघितली असेल, आणि मी इथे बोटीत बसून पाव खात होते!"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बघेनात का. नर्सबाईला यातलं ठाऊक होतं की नव्हतं ते कळायला मार्ग नव्हता, ती मान खाली घालून रडत होती.

विमान दोन दिवसांनी होतं. ती घरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आजीची गादीही गुंडाळून ठेवलेली. टाचणीनं बॅग दारातच टाकली आणि भावाला तोंडानं असं काही झोडपलं, की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि मग हळूच उघडल्या.

"ऐक तरी, ताई," भाऊ म्हणाला. "आजीनंच बजावलं होतं. पोरीला बोलावू नका, जन्मात एकदा गेलीय म्हणाली. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली."

"मेलेल्या बाईच्या माथी मारतोस? ती काय आता उठून नाही म्हणायला येणार आहे?"

भावजय हळूच बोलली. "ताई, त्या चारही दिवस शिवत होत्या."

"कशानं? डब्याला कुलूप आहे."

"नुसत्या हातांनी. चिमटीत सुई धरल्यासारखं करायच्या, दोरा ओढायच्या, तीनदा गाठ मारायच्या आणि तोंडाशी नेऊन तोडायच्या. बुधवारी मी विचारलं, काय शिवताय? तर म्हणाल्या, पोरीचं अस्तर फाटलंय."

टाचणी खाली बसली. अस्तराचं तिनं घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आणि शनिवारी?"

"शनिवारी संध्याकाळी म्हणाल्या, आता खिसा. बस, त्यानंतर बोलल्याच नाहीत."

टाचणीनं गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं. निळ्या रिळाची नुसती नळी उरली होती. आजीची मोठी सुईही नव्हती. तिनं डबा बंद केला. मग कोट पुढ्यात पसरला आणि दुकानात एखादं अवघड काम आलं की चाचपते तसा शिवणीशिवणीनं चाचपला. डाव्या बाजूला, बरोबर छातीवर, अस्तराखाली काहीतरी कुरकुरलं. तिथे एक चोरखिसा होता. नऊ दिवस कोट घालून तिला कळला नव्हता. तोंड शिवलेलं, पण ही शिलाई जुनी, गाठी सुकलेल्या. कोट शिवतानाच घातलेल्या.

तिनं उसवलं. आत आठ घड्या घातलेला डॉक्टरचा कागद होता. तिनं तो भावापुढे टाकला. "वाच. मोठ्यानं."

भावानं वाचला. आजीचं वय, आजीचा आजार, आणि खाली, फार तर पंधरा दिवस. तारीख टाचणी निघाली त्याच्या चार दिवस आधीची.

"कोण घेऊन गेलं होतं तिला इस्पितळात?"

कोणीच नव्हतं नेलं. शंभर पावलांवर इस्पितळ. भिंत धरत धरत एकटीच गेली असणार. कागद घरात ठेवला तर सापडेल, म्हणून सीमेपलीकडे पाठवून दिला. जिच्यापासून लपवायचा तिच्याच छातीवर शिवून.

"बघ," भाऊ म्हणाला. "मी सांगत होतो ना."

टाचणीनं काही माफी-बिफी मागितली नाही. कागद टेबलावर ठेवला, कोट खुंटीला लावला, खिसा उघडाच होता, आणि आत जाऊन तिनं चहा टाकला. दुपारचे चार. भावजय मागे दोरीवरचे कपडे काढत होती. भाऊ बाहेरच्या खोलीत डोकं धरून बसला होता. पाणी उकळेपर्यंतचाच काय तो वेळ.

कप घेऊन ती आली आणि उंबऱ्यातच थांबली. लवंगेचा वास.

"कागद कुठाय?"

"इथेच तर..." भावानं मान वर केली. टेबल रिकामं होतं.

तिनं कप खाली ठेवले. कोटाजवळ गेली. चोरखिशाचं तोंड बंद होतं. तांदळाच्या दाण्याएवढे निळे टाके. वरून दाबलं तर आत कागद कुरकुरला. दोन गाठी बसल्या होत्या, ओल्या. तिसरी बाकी होती. दोरा तोडलेला नव्हता; त्याला मोठी सुई लोंबत होती, आणि खोलीत वारा नसताना हलत होती.

टाचणीनं सुई चिमटीत धरली. दोरा ताठ झाला. हळूहळू, कोणीतरी पलीकडून ओढावा तसा.

"ताई..." भाऊ उठून उभा राहिला होता. "कोण... कोण करतंय हे?"

मॅनेजरिणीला बोल लावून झाला होता, भावाला लावून झाला होता, डॉक्टरला मनातल्या मनात लावून झाला होता. टाचणीनं सुई सोडली नाही. दातावर दात घट्ट धरून म्हणाली,

"माझ्यापासून मरण लपवलं, तुमची तोंडं शिवली, थांबते म्हणाली आणि एकटीच निघून गेली. आणि अजून हात थांबत नाहीयेत तिचे. दुसरं कोण असणार? आजी."