नकाशातलं स्वयंपाकघर

व्हर्नाचे दिवस भरत आले होते, तरी पलीकडच्या चर्चमधल्या जेवणाला तिचे भाजलेले बटाटे जायलाच हवे होते. ऑरिनने होडीत आधी भांडं ठेवलं, मग बायकोला बसवलं. सोबत लिलावात घेतलेला जुना नकाशा होता, मिसिसिपीवर धरण व्हायच्या आधीचा.

"यात निम्मी नदीच नाहीये," व्हर्ना म्हणाली.

"नकाशा बरोबर आहे. नदी नंतर आली."

मध्यावर धुकं उतरलं. दोन्ही किनारे गेले. चिखलाचा आणि कुजक्या पानांचा वास तेवढा उरला. होडी कशाला तरी घासली, म्हणून ऑरिनने इंजिन बंद केलं. पाण्यातून विटांचं धुराडं डोकावत होतं.

व्हर्नाने होडीची कड घट्ट धरली. "ऑरिन... आलं वाटतं."

"कोण?"

"तुझा बाप! अरे, बाळ!"

ऑरिनने नकाशा उघडला. त्यात या बाजूला घर एकच होतं, आता बुडालेलं. "आपण... त्या घरच्यांच्या स्वयंपाकघरावर आहोत."

"मग विचार ना घरात कुणाला, दवाखाना कुठे ते!"

ऑरिनने खुळ्यासारखं होडीच्या फळीवर टकटक केलं.

"दार उघडंच आहे," धुक्यातून एका म्हातारीचा आवाज आला. कॉफीचा वास सुटला. "दवाखाना ना? शाळेपासून डावीकडे, मग चर्चला वळसा. कुंपणावरून नका जाऊ... गाय आहे."

कळा सोसत व्हर्नाने भांडं पुढे केलं. कुणाच्या दारातून तशीच निघणारी ती नव्हती. एका गार, ओल्या हाताने ते घेतलं.

नकाशावर बोट ठेवून ऑरिन पाण्याखालच्या शाळेपासून वळला, तिथल्या चर्चला वळसा घातला. होडीच्या तळाखाली गाय हंबरली. पुढच्या क्षणी दवाखान्याजवळचा धक्का दिसला.

मुलगी झाली. दवाखाना डोक्यावर घेईल अशी रडली.

ती दोघं बाळाला घेऊन घरी आली, तर पायरीवर भांडं. घासलेलं, तळाला चिकटपट्टीवर व्हर्नाचं नाव तसंच. या किनाऱ्यावर कुणी भांडं रिकामं परत करत नाही. आत सफरचंदाचा केक होता, वाफाळता. वर झाकायला जुनी निळी ताटली.

"ताटली त्यांची आहे," ऑरिन पुटपुटला. "परत द्यावी लागेल. ठेवून येतो धुराड्यावर."

"रिकामी? वेड लागलंय का तुला?"

बाळाला खांद्यावर टाकून व्हर्नाने बटाटे काढले. ऑरिन ताटली पुसत बसला. पुसली की तिच्यात पुन्हा नदीचं पाणी साचत होतं.