आवाज हौसाचाच होता

हे घडलेलं आहे. रचून सांगायचं असतं तर अमावास्येची रात्र निवडली असती. पण हे घडलं भर दुपारी. फेब्रुवारी १९९६, शनिवार, चारचा सुमार. रोह्याजवळ, अवचितगडाच्या पायथ्याला.

तिथं मुंबईच्या एका शेठचा बागबंगला होता. बावीस एकर. सागवानी जिने, संगमरवरी न्हाणीघरं, पोहायचा तलाव, आणि वरच्या मजल्यावर थेट कुंडलिका नदीपर्यंत नजर पोचेल असा लांबलचक सज्जा. शेठ परदेशात मुलाकडे राहायला गेला आणि त्यानं बंगला विकायला काढला. पेपरात जाहिरात आली, 'ऐतिहासिक परिसरात आलिशान बागबंगला विकणे आहे.'

हा बंगला अकरा वर्षं सांभाळला होता हौसानं. ती नदीकाठच्या आदिवासी वाडीतली. नवरा जनू बाग बघायचा, ती घर बघायची. मागच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार. कुठली फळी करकरते, कुठलं दार पावसाळ्यात फुगतं, सगळं तिला पाठ. अकरा वर्षांत तिला तिथं कधी काही दिसलं नाही. कधी काही ऐकू आलं नाही.

सुरू झालं ते गिऱ्हाइकं यायला लागल्यावर.

पेणचा एजंट कमळाकर माणसं घेऊन यायचा. पहिला आला पनवेलचा एक बिल्डर. सज्ज्यात उभं राहून तो गडाकडे बघत होता, आणि कोपऱ्यातल्या बंद खोलीतून आवाज आला...

सर्र... सर्र...

कुणीतरी केर काढत होतं.

मग बाईचा आवाज. शांत, पण ठाम.

"चपला भायेर काढा."

कमळाकरनं कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. बिल्डर परत फिरकला नाही. महिन्याभरानं पुण्याचं एक कुटुंब आलं. त्यांच्या वेळीही तेच. तीच खोली, तोच आवाज.

कमळाकरला शंका उरली नाही. घरात केर कोण काढतं? हौसा. घर विकलं तर छप्पर कुणाचं जातं? हौसाचं. मागच्या जिन्यानं वर जाऊन हीच नाटकं करते, असं तो जनूच्या तोंडावर म्हणाला. पुन्हा झालं तर शेठला कळवून तुमचं बोचकं फाटकाबाहेर टाकतो, असंही म्हणाला. जनूनं हात जोडले. बायकोलाही माफी मागायला सांगितलं.

हौसानं हात जोडले नाहीत.

त्या बागेतला खाली पडलेला आंबासुद्धा तिनं न विचारता कधी उचलला नव्हता. आजवर ती कमळाकरला 'तुम्ही' म्हणायची. त्या दिवशी 'तू' म्हणाली.

"मी नाय केलं. पुढच्या खेपेला मला तुझ्या डोल्यांसमोर बसव. सगल्या चाव्या तूच ठेव. मंग आवाज आला, तर ह्याच अंगणात सगल्यांसमोर बोल, हौसा खोटी नाय."

कमळाकर हसला. पण कबूल झाला.

तो शनिवार उजाडला. ठाण्याचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको बंगला बघायला आले. कमळाकरनं मागच्या जिन्याचं दार स्वतः बंद केलं. जनूला समोरच्या फाटकाशी उभं केलं. हौसाला अंगणात, आपल्या गाडीला टेकवून बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी उभा राहिला. तिच्या अंगावर निळं लुगडं होतं. दोन्ही हात मांडीवर.

डॉक्टर पती-पत्नी कमळाकरनं दिलेल्या चाव्या घेऊन वर गेले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

कमळाकरनं सिगारेट पेटवली. आंब्यावर मघापासून कलकलणाऱ्या साळुंक्या अचानक गप्प झाल्या. वाराही पडला.

आणि मग वरून...

सर्र... सर्र...

कमळाकरनं खाली बघितलं. हौसाचे हात मांडीवरच होते.

"चपला भायेर काढा."

हौसानं मान वर केली. आजवर तिनं हा आवाज स्वतः ऐकला नव्हता. आता ऐकला... आणि ओळखला.

तो तिचाच आवाज होता.

तिचाच हेल. तिचीच 'काढा' म्हणताना किंचित वर जाणारी पट्टी. तिचे ओठ मिटलेले होते, आणि तिचा आवाज वरच्या त्या खोलीतून येत होता.

कमळाकर तिच्यापासून दोन पावलं बाजूला सरकला.

डॉक्टर आणि त्यांची बायको खाली आले ते अनवाणी. चपला हातात. बाई हौसासमोर थबकल्या. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही आमच्या आधी कशा आलात खाली?" त्यांनी हळूच विचारलं. "आणि हिरवं लुगडं कधी बदललंत?"



हौसाकडे हिरवं लुगडं नव्हतंच.

कमळाकर लगबगीनं गाडीत बसायला निघाला. हौसा गाडीच्या दारापुढे उभी राहिली. बोल म्हणाली.  कमळाकर सगळ्यांसमोर बोलला, हौसा खोटी नाही. मग गाडी गेली.

जनूनं तिथल्या तिथे भांडी बांधायला घेतली. आजच वाडीवर जाऊ, म्हणाला. हौसानं ऐकलं नाही. जी बाई अकरा वर्षांत त्या घरात अनवाणीच वावरली, तिनं पायात चपला घातल्या आणि ती जिना चढायला लागली.

फट... फट... फट...

खोलीचं दार उघडं होतं. अर्धी फरशी झाडलेली. मधोमध केराचा नीट ढीग. केरसुणी मात्र खालीच होती, हौसाच्या स्वयंपाकघरात.

 ती चपलांसकट खोलीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली.

"मी हौसा," ती म्हणाली. "ह्यो आवाज माझा हाय. ह्याच्यापायी मला खोटी ठरवलं. तू कोन हायस ते मला ठावं नाय. ऱ्हायचं तर ऱ्हा. पन बोलायचं आसंल तं तुझ्या आवाजात बोल."



दिवेलागणीपर्यंत ती तिथंच बसून राहिली. मग केराचा ढीग पदरात भरला, नदीवर नेऊन टाकला आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

त्यानंतर गिऱ्हाइकं आली, त्यांना काही ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षी एका कंपनीनं गेस्ट हाऊससाठी बंगला घेतला. हौसा आणि जनूला कामावर ठेवलं. वाडीतल्या बायका आजही तिला विचारतात, भीती नाय गो वाटत? ती म्हणते, मी कशाला भिऊ, मी काय कुणाचा आवाज चोरला?

पण एक गोष्ट ती फक्त जनूला सांगते.

अधूनमधून, दुपारी घर रिकामं असलं की, त्या कोपऱ्यातल्या खोलीत कुणीतरी घसा खाकरतं...

तिचा नव्हे. वेगळाच घसा. बोलायच्या आधी माणूस खाकरतो, तसा.

हौसा हातातलं काम थांबवते. जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

"बोल," म्हणते.

अजून कुणी बोललेलं नाही.