चोरून केलेली फवारणी

सिमरत कापसात गुडघे टेकून पानं उलटी करत होती. एवढ्यात बांधावरून आवाज आला, "ओ बीबीजी, काय हरवलंय?"

"पांढऱ्या माश्या मोजतेय."

"मग माझं काळीजही शोधा… आत्ताच इथं कुठंतरी पडलं."

ती हसली नाही. पण मोजणी मात्र चुकली.

तो गुरबाज. शेत त्याचंच. एकच औषध वर्षानुवर्षं मारून पंजाबातल्या अबोहरकडची माशी निर्ढावली होती, म्हणून कृषी खात्यानं सिमरतला गावात धाडलं होतं. तिनं त्याच्याकडून एक तुकडा मागून घेतला. तिथं फक्त निंबोळी अर्क मारायचा, माशी खाणारे मित्रकिडे वाढू द्यायचे. साधलं, तर गाव ऐकणार होतं.

गुरबाज रोज सकाळी लस्सी घेऊन हजर.

"माश्यांचा एवढा लळा… अन् माणसांचा?"

"माणसं जास्त निर्ढावलेली असतात."

"माझ्यावर एकदा निंबोळी मारून तर बघा!"

ती लाजून पानाआड व्हायची.

गावाला शेत दाखवायचा दिवस आला, तेव्हा पानं लख्ख होती. एकही माशी नाही! सगळे वाहवा करत पांगले. त्या आनंदात सिमरतनं ट्रॉलीआड पहिल्यांदा त्याचा हात धरला… त्यानं मात्र नजर चुकवली.

पंधरवड्यातच माशी दुपटीनं उसळली. पानं चिकट झाली, काळी पडली. "निंबोळीनं वाटोळं केलं," गाव म्हणालं. सिमरत ओळीन् ओळ फिरली. मित्रकिडा औषधालाही उरला नव्हता.

"गुरबाज, काय मारलंस इथं?"

"जुनंच औषध, दुप्पट मात्रेत… आदल्या संध्याकाळी. थोड्या माश्या दिसत होत्या, लोक तुला हसले असते. मला सोसवेना. प्रेम आहे माझं तुझ्यावर, सिमरत."

हेच ऐकायला ती उन्हाळाभर आसुसली होती.

"मग चौकात चल. सांग सगळ्यांना, निंबोळीनं नाही, तू बुडवलंस."

"माझे बापूजी सरपंच आहेत… त्यांची पगडी उतरेल—"

"आणि माझं काम?"

तो पायाखालची माती उकरत राहिला.

"माझंही होतं रे," ती हळूच म्हणाली, "तुझ्यावर प्रेम."

ती सडकेला लागली, तेव्हा गावभर पंप सुरू झाले होते. सगळ्यांत तेच जुनं औषध होतं.