तळव्याएवढा निळा

पाण्यासारखं नको. डिंकासारखंही नको.

गरम चहाचा कागदी कप.

"अहो, दार लावा आधी!"

पाच बोटं. निळी.

हे सगळं एकाच दुपारचं.

मी खिडक्यांच्या काचांना रंग बदलायला शिकवते. दोन काचांमध्ये जेलचा पातळ थर. वीज दिली की त्यातून आयन पलीकडे सरकतात, काच निळी होते, ऊन अडतं. माझीही व्हायची निळी... पण रुसलेल्या जावयासारखी, सावकाश! जेल पातळ केलं की कडेने गळायचं. उद्या साहेब बघायला येणार होते. काच नापास, तर आमची प्रयोगशाळा बंद.

आणि हा आत आला. खांद्यावर मोजायची टेप, हातात चहा.

"अहो, दार लावा आधी! धूळ येते."

"लावलं की. मी चौकटवाला. माप घ्यायला..."

"टेबलाला टेकू नका!"

टेकलाच. चहाचा कप खाली, आणि तापलेला तळवा थेट माझ्या काचेवर. वीज चालू होती. मी ओरडणार — तेवढ्यात त्याने दचकून हात उचलला.

काच फिकी. मधोमध मात्र गडद निळा पंजा.

"माझ्या हाताला काही लागलंय का हो?"

"ऊब!" मी जवळजवळ नाचलेच. "उबेने जेल सैल झालं, आयन पळाले! म्हणजे माझं जेलच फार घट्ट आहे. हात द्या पुन्हा!"

"एवढ्या लवकर?"

माझे कान तापले. "प्रयोगासाठी."

"आई म्हणते, माझे हात कायम भट्टीसारखे. आज पहिल्यांदा कामाला आले."

जेल घट्ट करणारी पॉलिमरची पूड कमी केली, ते पातळ करणारं द्रावक वाढवलं.

"पण गळेल हो..."

"कडेला रबराची पट्टी बसवतो. चौकट कशाला असते मग?"

दुसऱ्या दिवशी साहेबांचं "बघू या" संपायच्या आत काच निळी! टाळ्या. प्रयोगशाळा वाचली.

सगळे गेले. तो टेप गुंडाळत राहिला... गुंडाळलेलीच पुन्हा.

"आता काच सगळीकडे सारखीच निळी होते. माझा हात काय कामाचा?"

मी खणातून जुनी काच काढली, तारा जोडल्या. त्याने तळवा ठेवला.

"शेजारी जागा आहे," तो म्हणाला. "तुझ्या हाताएवढी."

मी ठेवला.

"ही फार वेळ घेते," मी म्हटलं.

"घेऊ दे..."

नंतर कळलं, त्या दुपारी चौकटीचं माप घ्यायला त्याला खरं तर वरच्या मजल्यावर बोलावलं होतं; माझ्या दारात तो चुकून आला होता.