कापलेलं गाऱ्हाणं

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, छापायला द्यायचा होता, म्हणून त्या दुपारी मी एमआयडीसीतल्या छापखान्यात गेले. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, रिक्षा मिळेना, आणि पिशवीत प्रुफांचा गठ्ठा. भयकथांचं नियतकालिक चालवणारी बाई अशी घामाघूम फिरत असते, हे वाचकांना कधी दिसत नाही.

'गडगा' हे आमचं त्रैमासिक. आमचं म्हणजे माझं, ज्ञानेश्वरी शिवलकरचं, आणि माझ्या धाकट्या भावाचं, दीपकचं. मी संपादक. तो प्रुफं वाचतो, चित्रं काढतो, पाकिटांवर पत्ते लिहितो आणि माझी बोलणी खातो. माळनाक्याला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, तेच कार्यालय. लग्नाच्या भानगडीत दोघंही पडलो नाही. आईबाप गेल्यावर मला हा एक माणूस आणि त्याला मी. रत्नागिरीतले अर्धे लोक आम्हाला वेडे समजतात, उरलेल्यांना आम्ही ठाऊकच नाही. भुताखेतांचं काही घरात नको म्हणून अंक परत पाठवणारेही आहेत. पाठवोत बापडे. मला माणसं फारशी आवडत नाहीत आणि लेखक तर मुळीच नाहीत. प्रत्येकाला वाटतं आपला शब्द म्हणजे देवाचा अंगारा. मी कात्री चालवते. त्याबद्दल माझी ख्याती आहे आणि मला तिचा अभिमान होता.

छापखान्यात कळलं की एका आंबा कॅनिंगवाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात ऐन वेळी आली आहे. आता जागा काढायची कुठून? अंकातली शेवटची कथा रावजी गुरवांची होती, 'ऐकणारा' नावाची. संगमेश्वराच्या आतल्या बाजूला आंबेकोंड नावाचं गाव आहे, तिथल्या देवळाचे हे गुरव. वहीच्या पानांवर निळ्या शाईने लिहून पाठवलेली कथा. मी सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही, पण ती मी दोनदा वाचली होती.

कथेत एक माणूस पडवीत बसून गोष्टी सांगत असतो. समोर गावची माणसं बसलेली. त्यांच्यात एक जण जास्तीचा असतो. तो दिसत नाही, पण तो बसला तिथून कुजक्या ओल्या पेंढ्याचा वास येतो. गोष्ट संपते तरी तो उठत नाही. मग सांगणाऱ्याला थांबता येत नाही, तो सांगतच राहतो, आणि तो जे सांगतो ते लगोलग घडू लागतं. शेवटी गावचा गुरव येतो आणि गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी, घाटावरच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. त्यात गुरव त्या बसलेल्याला त्याची जागा दाखवतो, निघून जायला सांगतो, आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे गाऱ्हाणं चौदा ओळींचं होतं. त्याखाली रावजींनी तांबड्या शाईने लिहिलं होतं की एवढं काढू नये.

असं सगळेच लिहितात. कुणाला पहिला परिच्छेद प्रिय, कुणाला बायकोला अर्पण केलेली ओळ. आणि भयकथा अशी पूजा आटोपल्यासारखी संपली तर वाचकाने घाबरायचं कधी? शेवट उघडा सोडावा, हे मी अकरा वर्षं लेखकांना सांगत आले आहे. मथळा थोडा वर सरकवला आणि चौदा ओळी उडवल्या तर जाहिरात बरोब्बर बसत होती. छापखान्याच्या टेबलाशी उभ्या उभ्या मी त्या ओळींवर रेघ मारली आणि वहीचं ते शेवटचं पान तिथल्याच रद्दीत टाकून दिलं.

नवं प्रूफ घेऊन घरी आले. आमच्याकडे शेवटचं प्रूफ मोठ्याने वाचायची पद्धत आहे. दीपक वाचतो आणि मी लेखकाच्या मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकते, कारण डोळ्यातून सुटलेली चूक कानाला सापडते. तीन वाजले असतील. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. दीपकने कथा सुंदर वाचली. शेवटचं वाक्य आलं, 'सांगणाऱ्याने पुन्हा तोंड उघडलं.' मी पेनाला टोपण लावलं.

दीपक थांबला नाही.

"मग तो आंबेकोंडातून निघाला," तो म्हणाला. "त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. देवरुखची गाडी धरून तो रत्नागिरीला उतरला..."

मला वाटलं, मी शेवट कापला म्हणून हा मला खिजवतोय. तशी त्याला सवय आहे. मी म्हटलं, पुरे झालं, चहा टाक. त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड चालूच होतं. तो ऐकणारा माळनाक्याला आला, जिन्याने वर चढला, बसला, असं दीपक म्हणाला. खालच्या मजल्यावरच्या बाईच्या हातून लोणच्याची बरणी निसटली, असंही म्हणाला. त्याचं वाक्य पुरं झालं आणि खालून काच फुटल्याचा आवाज आला.

मग वास आला. ओल्या, कुजलेल्या पेंढ्याचा. दुसऱ्या मजल्यावर, भर उन्हाच्या वेळी.

मी घाबरले, हे कबूल करते. पण छापखान्याचं यंत्र थांबलं नाही आणि मीही ते थांबवलं नाही. दीपकला काहीतरी झटका आला असेल, त्याचा कथेशी काय संबंध, असं मी स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी सातशे अंक पोस्टात पडले. दीपक तेव्हाही बोलतच होता. घशाच्या डॉक्टरांनी त्याला गप्प राहायचा सल्ला दिला, आणि दीपकने त्यांचा मोबाइल आता वाजेल म्हणून सांगितलं. तो वाजला. झोपेचं इंजेक्शन दिलं तर झोपेत ओठ हलत राहिले. पाचव्या दिवशी आवाज जाऊन नुसती सळसळ उरली आणि थुंकीत रक्त दिसलं. अन्नाचा घास तोंडात ठरत नव्हता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर माणूस आठवडाभरही काढणार नाही. त्या दुपारी दीपकने प्रुफाच्या पाठीवर मला लिहून दिलं, 'ताई, थांबव.'

सहाव्या दिवशी गाडी करून त्याला आंबेकोंडला नेलं. रावजी गुरव घरासमोरच्या खळ्यात भात झोडत होते. सत्तरीचे, काटक, अंगात बनियन. गाडीतून येणारी सळसळ त्यांनी ऐकली आणि हातातली पेंढी खाली ठेवली. बसा म्हणाले नाहीत. पाणी विचारलं नाही. कोकणात दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे मला कळतं.

"माजा गाऱ्हाना कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, जागा नव्हती.

"तांबड्या शायनं लिवला व्हता. तुमाला दिसला नाय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा एका लेखकाची माफी मागितली. ऐकून घेऊन ते बाजूला थुंकले. म्हणाले की ही गोष्ट त्यांच्या आज्याने सांगितली, बापाने सांगितली, पण गाऱ्हाण्याशिवाय कुणी तोंडातून काढली नाही, आणि शिकलेल्या बाईने ती जाहिरातीसाठी तोडली. मी म्हटलं, मला काय बोलायचं ते बोला, पण याला सोडवा. ते गाडीपाशी गेले, दीपककडे बराच वेळ पाहत उभे राहिले, आणि परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"माज्या हातात ऱ्हायला नाय, बाय. गावच्या शिवेतला मी बगतो. तुमी त्याला भायर नेलात, छापलात, घरोघर धाडलात. जितक्या घरात ती गोष्ट गेली, तितक्या घरात गाऱ्हाना गेला पायजे. मोट्यानं वाचायचा, आनी घरच्यांनी व्हय म्हाराजा बोलायचा. एक घर ऱ्हायला तरी तो बसनार."

मी विचारलं, तोवर माझा भाऊ जगेल का?

"त्याला एक येळंला एकच सांगनारा लागतो. दुसऱ्या कोनी ती मोट्यानं वाचली, तर ह्याला सोडून तिकडं जायल, आनी तिकडनं सुटला की परत ह्याच्याकडं यायल." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "तसला कायपन मनात आनू नका."

त्यांनी चौदा ओळी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. निघताना त्यांनी आम्ही उभे होतो त्या जागेवर पाणी शिंपडलं.

त्याच संध्याकाळी छापखान्यात बसून शुद्धिपत्राच्या सातशे चिठ्ठ्या छापून घेतल्या. वर दोन ओळींची सूचना आणि खाली गाऱ्हाणं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाकिटं भरायला बसले. दीपक भिंतीला टेकून सांगत होता. आवाज इतका बारीक की पंख्याखाली ऐकू येत नव्हता, पण मला ऐकायचंही नव्हतं. माझी बोटं गोंदाने चिकट झाली होती आणि मी देवाचं नाव घेत होते, जे मी कधी घेत नाही. दुपारपर्यंत सगळी पाकिटं तयार झाली. पोस्ट उघडं होतं. चप्पल घालून मी गठ्ठा उचलला.

तेवढ्यात दीपक वाक्याच्या मध्येच थांबला.

खोलीत आवाज नाही. वास नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग घशाला हात लावून म्हणाला, "ताई... चहा टाकतेस?"

मी गठ्ठा खाली ठेवला आणि रडले. चहा केला. त्याने कप दोन्ही हातांत धरला आणि एकेक घोट घेऊ लागला. आठवड्यात पहिल्यांदा त्याचे ओठ त्याच्या ताब्यात होते. मी त्याच्याकडे बघत बसले होते तेव्हा फोन वाजला.

चिपळूणहून एक बाई बोलत होत्या, तेजस्वी असं नाव सांगितलं. आवाज आदबशीर होता, पण थरथरत होता. त्यांचे सासरे जेवणानंतर नातवंडांना आमच्या अंकातली शेवटची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवत होते. वाचून झाली तरी ते थांबेनात. पंधरा-वीस मिनिटं झाली.

"मला वाटतं गोष्ट अर्धवट आहे म्हणून त्यांना काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या. "शेवट काय आहे हो? तेवढं सांगा... मी त्यांना वाचून दाखवते."

रावजींच्या ओळी मी लिहून घेतलेला कागद फोनपाशीच होता, तो मी उचलला. चौदा ओळी, एक मिनिटाचं काम. मी वाचल्या असत्या, त्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं असतं, आणि म्हातारा सुटला असता. पण बाकीची घरं तशीच होती. चिपळूण सुटलं की तो जिथून आला होता तिथे परत येणार होता. समोर दीपकने कप खाली ठेवून ओठ पुसले.

तेवढ्यात मला त्यांच्या मागचा आवाज ऐकू आला. म्हातारा माणूस शांतपणे, चढउतार न करता सांगत होता.

"...माळनाक्याला दुसऱ्या मजल्यावर बहीणभाऊ. भावाने कप खाली ठेवला. बहिणीच्या हातात कागद आहे. बहीण म्हणाली, शेवट तेवढाच आहे..."

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"हॅलो? ऐकताय ना?" तेजस्वी म्हणाल्या.

"शेवट तेवढाच आहे," मी म्हटलं. "छापलाय तेवढाच."

पलीकडे त्या रडू लागल्या. मी फोन ठेवला.

शुद्धिपत्रं पोस्टात गेली नाहीत; सातशेपैकी एका घराने जरी गाऱ्हाणं वाचलं नसतं, तरी तो परत दीपककडेच आला असता. दीपकने विचारलं तर सांगितलं, मजकुरात चूक राहिली. तेव्हापासून असे अकरा फोन आले. दाभोळहून, लांज्याहून, एक तर मुंबईहून. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं. रावजींचं एक पोस्टकार्ड आलं, ते न वाचता फाडलं. मला वाईट म्हणा. तुमच्यापैकी कुणी माझ्या भावाच्या थुंकीतलं रक्त पाहिलेलं नाही. आता त्याचा आवाज भरला आहे, तो दोन वेळा जेवतो, पाकिटांवर पत्ते लिहिताना शीळ घालतो. त्या कथेला मागणी आहे, म्हणून पुढच्या अंकात ती पुन्हा छापते आहे, तशीच, आणि मुखपृष्ठावर 'मोठ्याने वाचा' असं ठळक अक्षरांत घातलं आहे. हा मजकूरही त्याच अंकासाठी लिहिला आहे, आणि याचं प्रूफ दीपककडे न देता मीच वाचणार आहे.

आणखी एक गोष्ट मी दीपकला सांगितलेली नाही. चिपळूणचा फोन ठेवता ठेवता म्हाताऱ्याचं पुढचं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं. पुढचा अंक वाचकांच्या हाती पडला त्या दुपारी, तो म्हणाला, भाऊ घरात एकटाच चहा पीत होता. बहीण कुठे गेली, ते ऐकायच्या आत मी फोन ठेवला होता.