कोल्ड स्टोरेजमधला कॉम्प्युटर

जरा जवळ सरका, आणि मधेच हसू नका. गोरक्षला मी चांगला ओळखत होतो. थापा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता.

अठ्ठ्याऐंशीचा मे, शनिवारची रात्र. निफाडच्या अलीकडं द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज होतं. हंगाम सरलेला, थंडाव्याची यंत्रं केव्हाच बंद केलेली. मालकाने नवा कॉम्प्युटर आणला होता. त्यावर बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा चढवून द्यायला नाशिकहून गोरक्ष आला. सोमवारी ते चाललं नाही, तर याची नवी नोकरी गेलीच. सोबतीला म्हातारा वॉचमन कोंडाजी.

गोरक्षने फ्लॉपीवरचं बेसिक मशीनमध्ये उतरवलं, काळ्या पडद्यावर 'बेसिक' असं टाइप केलं. 'बॅड कमांड.' फाइल होती एका डिरेक्टरीत, म्हणजे मशीनच्या एका कप्प्यात, आणि हा दुसरीतच! डिरेक्टरी बदलली, तसं बेसिक सुरू झालं. मग तपासायला दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिली ओळ नाव विचारणार, दुसरी त्या नावाला नमस्कार करणार. 'रन' दिलं. इंग्रजी अक्षरांत प्रश्न उमटला, 'नाव?'

उत्तर न देताच तो व्हरांड्यात पाणी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर उत्तर टाइप झालेलं. 'मी आत आहे.'

खाली मशीनचा नमस्कारही.

"मामा, बटणांना हात लावलात?"

"मी? मला वाचता बी येत नाय. तुमीच कायतरी केलं असंल, आमाला भेवडवाया."

गोरक्षला ते पटलं नाही. खोलीत दुसरं होतं कोण? त्याने कोंडाजीला समोर बसवलं. "हात टेबलावर ठेवा." पुन्हा 'रन' दिलं.

'नाव?'

गोरक्षनेही आपले हात टेबलावर ठेवले.

एक बटण खाली गेलं. मग दुसरं.

'दार उघड.'

गोरक्षने ते मोठ्यांदा वाचलं. कोंडाजीचा चेहरा उतरला.

"कुठलं दार, मामा?"

कोंडाजी कमरेची किल्ली चाचपू लागला.

"बोला ना!"

"तीन नंबरची खोली. केरू हमाल आत ऱ्हायला व्हता... रातभर. सकाळी गारठून मेल्याला काढला. तवापासून कुलूप हाय."

"आणि कुलूप असूनही आत खरंच कोणी अडकलं असेल तर?"

कोंडाजीने किल्ली काढली. कुलूप गंजलेलं. दोघांनी जोर लावला. दार उघडलं.

आत उकाडा. बॅटरी चारी कोपऱ्यांत फिरली.

कोणी नाही.

दोघे ऑफिसात परतले. पडद्यावर नवं काही नव्हतं. गोरक्षला हायसं वाटलं. त्याने बसायला खुर्ची ओढली, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

बैठकीवर बर्फ जमला होता.