पाणी कुठं मुरतं?

"हर्षा, पाण्याले वास येऊन राहिला!" प्रफुल्लने दोर सोडला आणि बादली धाडकन विहिरीत पडली.

हर्षा दिवाळीच्या सुट्टीत जवाहरनगरहून अड्याळजवळ मामांकडे आली होती. प्रफुल्ल तिचा मामेभाऊ. उद्या त्याची रुपाताई दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती आणि बाळाची आंघोळ याच विहिरीच्या पाण्यानं होणार होती. हर्षानं पुन्हा पाणी शेंदून ओंजळ नाकाशी नेली. खरंच, धानावर औषध फवारतात तसाच उग्र वास! टेकचंदमामांना मात्र काही जाणवेना. दिवसभर तोंडात तंबाखूचा खर्रा असल्यावर बिचाऱ्यांच्या नाकाला काय कळणार?

कुठंतरी पाणी मुरतंय, असं हर्षा म्हणाली आणि दोघं टेहळणीला बसली. दुपारी मामा शेतातून फवारणीचा पंप घेऊन आले आणि विहिरीमागच्या खरडीवर, म्हणजे तिथल्या मुरमाड जमिनीवर, तो धुऊ लागले. आजूबाजूचं गवत पार जळालं होतं.

"इथं का धुता, मामा?"

मामा खुशीत हसले. धानाच्या बांधीतल्या काळ्या कन्हार मातीवर पाणी साचतं, ते गुरं पितील, म्हणून त्यांनी मुद्दाम ही जागा शोधली होती. "इथं लगेच मुरते. मुरलं म्हंजे संपलं."

पण खरंच संपतं का? दोघांनी दोन बाटल्यांची बुडं कापली, तोंडांना फडकं बांधलं आणि त्या उलट्या टांगल्या. एकीत कन्हार भरली, दुसरीत खरडी. मग मामा-मामींना बोलावून दोन्हींत लाल शाईचं पाणी ओतलं. कन्हारवर ते तुंबून राहिलं. खरडीतून मात्र लाल थेंब टपटप खालच्या वाटीत पडू लागले.

"ही वाटी म्हणजे आपली विहीर," हर्षा हळूच म्हणाली.

मामांचा चेहरा उतरला. "म्हंजे गुरं वाचवली, अन् माह्या नातवाले..."

सत्यभामामामींनी दोघांना कुशीत ओढलं. पंप धुतलेलं पाणी यापुढं धानावरच फवारायचं आणि विहिरीचं पाणी तपासायला पाठवायचं, हे तिथंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी रुपाताई आली, तेव्हा मामा दूरच्या हातपंपावरून सायकलवर डबे लादून घामाघूम परतत होते. दारात विहीर असताना हे काय, असं तिनं विचारलं.

"तपासणी होईस्तोवर तिले हात नाही लावाचा. या दोन मास्तरांचा हुकूम हाय," मामा अभिमानानं म्हणाले. "हे होते म्हणून वाचलो, बेटा."

बाळाची आंघोळ सुरू झाली. मामांनी पहिला तांब्या स्वतःच्या नाकाशी नेला. मग काय वाटलं कोण जाणे, तो हर्षापुढं धरला.

"तूच वास घेऊन पाय वं," ते म्हणाले. "माह्या नाकाचा भरोसा नाही."